पिठावर लिहिलेले

एकदा एक लेकुरवाळी आईला भेटायला म्हणून निघाली आणि आईच्या दिवसांना जाऊन पोहोचली.

मंजुळा तिचे नाव. आई फार आजारी आहे असा सांगावा आला, त्याच दिवशी तिच्या दहा महिन्यांच्या मुलीला ताप भरला. तापलेले लेकरू पोटाशी धरून ती घरातल्या घरात येरझारा घालत राहिली. ‘ताप उतरला की लगेच निघते,’ असे तिने भावाला कळवले. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. आई दुसऱ्याच दिवशी गेली होती.

माहेरच्या गावात एक रीत होती. आईला शेवटचे निजवले होते त्या जागी गव्हाचे पीठ चाळून पसरले होते. शेजारी दिवा, आणि पिठावर वेताची टोपली पालथी. दहाव्या दिवशी नदीवरचे विधी आटोपून माणसे परतली, की टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटले ते पाहायचे. पाखराचे पाऊल दिसले तर जीव पाखराच्या जन्माला गेला, वेलीसारखी रेघ दिसली तर झाडाझुडपात. गेलेले माणूस जाता जाता एवढी खूण ठेवून जाते, अशी सर्वांची श्रद्धा.

मंजुळेला जन्म कोणता याच्याशी काही देणेघेणे नव्हते. आई आपल्यावर रागावून गेली नाही, एवढे त्या खुणेतून कळले की तिला पुरे होते. म्हणून ती टोपलीपाशीच बसून असायची. मुलीला पाजायचे असले की तेवढी उठायची.

“चोरून बघशील हं एखाद वेळेस,” आत्या टोकायची. “शाळा शिकलीस, रीत नाही शिकलीस.”

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन परत आलेली, तीस वर्षे मंजुळेच्या आईबरोबर एका चुलीवर रांधलेली, आणि तेवढीच वर्षे तिच्याशी भांडलेली.

“शेवटपर्यंत डोळे दाराकडे होते हो वहिनीचे,” ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. “मी उशाशी बसलेली. माझ्याकडे नाही पाहिलं. दाराकडे पाहिलं.”

ते शब्द मंजुळेच्या काळजाला घरे पाडीत.

त्या गावात एक वृद्ध बुवा होते. लग्नाआधी मंजुळा त्यांच्याकडे पोथी वाचायला शिकली होती. रोज संध्याकाळी ते येत, भजन म्हणत, मरणाविषयी चार शब्द सांगत. घरातली माणसे हळूहळू सावरत होती. मंजुळा मात्र टाळ हातात घेऊन टोपलीकडेच पाहत राही. बुवांच्या नजरेतून ते सुटले नव्हते.

दहाव्या दिवशी माणसे नदीवरून परतली. सगळे वाकून पाहायला पुढे सरसावले, तेव्हा बुवा दारात आडवे उभे राहिले.

“आज टोपली मंजुळा उचलेल. एकटी. दार लावून.”

मग तिच्याकडे वळून ते म्हणाले, “बाळ, आईला सांगायचं काय राहिलंय ते बोटानं पिठावर लिही. लिहून झालं की तळहातानं पीठ सारखं कर आणि बाहेर ये.”

“अहो बुवा!” आत्या किंचाळलीच. “खूण मोडेल की! मग आम्ही काय बघायचं?”

“मोडू दे.”

मंजुळा आत गेली. तिने टोपली उचलली. पीठ सपाट होते. ना पाऊल, ना रेघ. दहा दिवस जिची वाट पाहिली ती खूण नव्हतीच.

टोपली बाजूला ठेवून ती पिठापाशी बसली. मग तिने बोट टेकवले. ‘आई, मुलीला ताप होता.’ एवढे लिहिले आणि डोळे भरून वाहू लागले. पुढचे शब्द बोट आपोआप लिहीत गेले. ‘आता बरी आहे. तिला खाली दात आला. हसली की तुझ्यासारखी दिसते. मला तुझ्याजवळ झोपायचं होतं.’ पिठावरची जागा संपली तेव्हा ती थांबली. एकेक अक्षर डोळ्यांत साठवून तिने हात फिरवला.

बाहेर आली तेव्हा आत्याने तिला गाठलेच. “काय दिसलं गं?”

बुवा आत्याला म्हणाले, “आक्का, पन्नास वर्षं मी ही टोपली उचलताना पाहतोय. प्रत्येक जण वाकून विचारतो, गेलेल्यानं आम्हाला काय सांगितलं? जाणारं माणूस मोकळं होऊन जातं. बोलायचं राहतं ते आपलं. घशाशी अडकतं आणि जन्मभर टोचतं. जुन्या माणसांनी दहा दिवस ठेवले, कारण मनातलं ओठांवर यायला आपल्याला इतका वेळ लागतो.”

मंजुळेने हळूच विचारले, “तिला पोहोचलं असेल का, बुवा?”

“ते मला ठाऊक नाही, बाळ. मी तिकडे जाऊन आलेलो नाही. पण लिहिताना आई समोर होती का?”

“होती.”

“मग आणखी काय हवं?”

मंजुळेने मान डोलावली. आईची ओढ तसूभरही कमी झाली नव्हती, पण आता त्या ओढीची भीती वाटत नव्हती.

पीठ भरून घ्यायला भाऊ परात घेऊन आला. ते पीठ नदीत सोडायचे होते. तो उंबरा ओलांडून आत जाणार, तोच आत्या म्हणाली, “थांब रे जरा.”

मग तिने मंजुळेचा पदर धरला. आवाज अगदी खाली गेला होता.

“मला लिहिता येत नाही गं. मी सांगते, तू लिहिशील?”

दोघी आत गेल्या. आत्याने स्वतःच्या हाताने दार लोटले.

“लिही,” ती म्हणाली, “वहिनी...”

पुढचे तिला काही सुचेना. मंजुळा पिठावर बोट टेकवून तशीच थांबून राहिली. घाई कुणालाच नव्हती.