रक्तातला धूर

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या मेंदूत गाठ निघाली. तो एका वृद्ध शल्यविशारदांच्या रुग्णालयात दाखल झाला आणि त्याने एकच प्रश्न विचारला, शस्त्रक्रिया करून घ्यावी की घरी जाऊन पडावं? येत्या हंगामात त्याची मुलगी पहिल्यांदाच पेढीवर बसणार होती. तिचा पहिला सौदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्याची इच्छा होती.

या वृद्ध गुरूंचा एक शिष्य होता, बुद्धीने तल्लख आणि जरा उतावळा. रक्तातल्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर काढलं की शरीरातल्या दाहाचा अंदाज येतो, आणि मेंदूत गाठ असलेल्या ज्या रुग्णांत तो दाह अधिक, ते बहुधा कमी जगतात, हे त्याने नुकतंच अभ्यासलं होतं. व्यापाऱ्याचा आकडा चांगलाच चढलेला होता. शिष्याने मनाशी निकाल लावून टाकला. या गृहस्थांना उगाच आशेला लावू नये, घरी जा म्हणून सांगावं, असं तो गुरूंना म्हणाला.

गुरूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सांग," ते म्हणाले, "पण त्याआधी तुझं स्वतःचं रक्त तपासून घे."

शिष्याला काही उलगडेना. पण गुरूंपुढे बोलणार कोण? त्याने मुकाट्याने बाही वर केली. दुपारी आकडा आला, तो व्यापाऱ्याच्या आकड्याहूनही चढा. शिष्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला एकदम गावाकडची आई आठवली.

"सर, मला काय झालंय?" त्याने चाचरत विचारलं.

"दाढ दुखतेय तुझी. कालपासून गाल धरून हिंडतोयस. हिरडीत पू झालाय."

शिष्य ओशाळून हसला. गुरू मात्र हसले नाहीत.

"रक्त खोटं बोलत नाही. पण दुरून धूर दिसला, तर गुऱ्हाळाची चूल पेटलीय की कुणाचं घर, ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. मेंदूची सूज उतरावी म्हणून आपण या गृहस्थांना स्टेरॉइड दिलं. त्यानंही हा आकडा चढतो. रक्त त्यानंतर घेतलं होतं, हे तुला ठाऊक होतं. शेकडो रुग्णांविषयी हा आकडा बरंच खरं सांगतो, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण एका माणसाचा निकाल एकट्या आकड्यावर सोपवू नकोस."

शिष्य व्यापाऱ्याजवळ जाऊन बसला. आजार गंभीर आहे, हमी कसलीच नाही, पण शस्त्रक्रियेने काही चांगले दिवस मिळू शकतात, असं त्याने काही न लपवता सांगितलं. व्यापाऱ्याने मुलीकडे पाहिलं आणि होकार दिला.

गाठ कालांतराने परतली आणि व्यापारी गेला. पण त्याआधी त्याला एक अख्खा हंगाम मिळाला. मुलीने पहिला सौदा केला, तेव्हा तो तिच्यामागे तक्क्याला टेकून बसला होता. त्याच सौद्यातली एक ढेप घेऊन तो स्वतः रुग्णालयात आला आणि शिष्याचे हात हाती घेऊन म्हणाला, "डॉक्टर, फार उपकार झाले तुमचे."

हाच हंगाम आपण या माणसाकडून हिरावून घेणार होतो, हे आठवून शिष्याचे डोळे भरून आले. त्याने ढेपेचा पहिला खडा फोडला, गुरूंच्या हातावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. उपकार कुणाचे, ते त्या दोघांनाच माहीत होतं.