बगळ्यांची बिजली

जनावरं-पाखरं फुटबॉल खेळायची, त्या काळी बगळ्यांचा एक क्लब होता. बगळे एका पायावर उभे असत. बॉल आला की वर धरलेला पाय खाली टेकवावा की त्याच पायानं लाथ हाणावी, हे ठरेपर्यंत गोल झालेला असे. त्यांना पाठीराखी एकच, बिजली नावाची म्हैस. मैदानाकडेच्या चिखलात बसून ती ओरडायची, "हाणा रे, माझ्या राजांनो!"

त्या दिवशी कोल्ह्यांनी बघता बघता सतरा गोल चढवले. बॉल झुडपातून आणेपर्यंत त्यांचा कप्तान बिजलीजवळ आला. "मावशी, कशाला घसा फोडतेस? आमच्याकडे ये. आम्ही रोज जिंकतो."

बिजली चिखलातून उठली. तिला उठताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. ती मैदान ओलांडून सरळ कोल्ह्यांच्या गोलकडे चालू लागली, तेव्हा धक्क्यानं अकराही बगळ्यांचे दुसरे पाय खाली आले.

कोल्ह्यांच्या जाळ्यामागे तिनं बसकण मारली.

"आलीस ना शेवटी?" कप्तान हसला.

"तर काय! आमचा गोल होणार तो याच जाळ्यात. तिकडून मेलं काही दिसत नव्हतं." आणि मान उंचावून ती ओरडली, "हाणा रे, माझ्या राजांनो!"