मालकिणीला विचारून सांगते

घारपुरेसाहेबांची घरोघरी सलाईन लावायला नर्स पाठवणारी एजन्सी होती. जरा थकवा आला की तेही सलाईन लावून घेत. एकदा वैजयंता सिस्टर त्यांची शीर शोधत असताना साहेब म्हणाले, "आजपासून तुमची नोकरी बंद. पगारी रजा नाही, पेट्रोल नाही. तुम्ही आता स्वतंत्र, स्वतःच्या मालकीण."

"बरं."

"रविवारी सातला पुन्हा या. युनिफॉर्म घालून."

सिस्टरने क्षणभर डोळे मिटले. "मालकिणीला विचारलं. रविवारी ती मला सुट्टी देते."

साहेब वरमले. "बरं बाई, नोकरीवर परत घेतो."

"तेही विचारलं. म्हणते, हातात सुई असलेल्या बाईला जो कामावरून काढतो, त्याच्या अकलेवर भरवसा ठेवू नकोस."