जिवतीच्या अक्षता आणि कावेरीचं घर

जिवतीबाई, तुझी गोष्ट सांगते. बायांनो, हुंकार द्या. एक होतं नगर, आटपाट, नेटकं. तिथं कावेरी नि तिचा नवरा त्र्यंबक राहत होते. घर मोठं, मळा हिरवा, पोटी मूल नाही. केस पिकले, तशी कावेरीला चिंता लागली. आपल्यामागं हे घर कुणाचं? मग ती जिवतीला नवस बोलली, "आई, श्रावणातल्या शुक्रवारी तुझी पूजा करीन. बाकीच्या आया दूरच्या लेकरांसाठी अक्षता टाकतात, मी डोळे मिटून टाकीन. ज्याच्या अंगावर पडतील, त्याला घर देईन."

पहिला शुक्रवार आला. पुतण्या धोंडू दारात उभा. अक्षता त्याच्या पागोट्यावर पडल्या. "काकू, घर माझं." "तुझं हो." मग दुसरा शुक्रवार आला. भाची रखमा सासरहून आली. अक्षता तिच्या पदरात पडल्या. "मावशी, घर माझं." "तुझं गं." मग तिसरा शुक्रवार आला. दारात माणूस नाही. अक्षता पडल्या शेजारणीच्या शेळीवर. त्र्यंबक म्हणाला, "घे! आता घर शेळीच्या नावानं कर."

धोंडू म्हणे, "कौल आधी मला." रखमा म्हणे, "मला मागाहून, म्हणजे तुझा मोडला." कावेरीला काही उमगेना. अन्न जाईना, झोप लागेना. देवीच्या मनात आहे तरी कोण?

चौथ्या शुक्रवारी एक म्हातारी सवाष्ण आली. "पुरण वाढ गं, बाई." जेवली, तृप्त झाली. "तोंड का उतरलं तुझं?" कावेरीनं सगळं सांगितलं. म्हातारी खुदकन हसली. "वेडे, अक्षता कशाला टाकतात?" "लेकरं सुखी राहावीत म्हणून." "मग तो आशीर्वाद झाला. पडेल त्याचा, शेळीचासुद्धा. आशीर्वाद डोळे मिटून द्यावा. घर डोळे उघडून द्यावं."

मग कावेरीनं ओसरीकडं पाहिलं. तिथं कोळ्याची सून सगुणा टेकली होती. दिवस भरत आलेले, माहेर नाही. अशा कितीजणी तिथं टेकत, कैरीची फोड मागत, बाळंतपणाला जावं कुठं म्हणून डोळे पुसत. रोज दिसत होत्या, पण कावेरीनं पाहिल्या नव्हत्या. वळून बघते, तो म्हातारी नाहीशी झालेली.

मग तिनं पंच बोलावले, कारकून बोलावला. भर दुपारी, सर्वांदेखत बोलली, "आम्ही दोघं आहोत तोवर घर आमचं. आमच्यामागं माहेर नसलेल्या लेकींच्या बाळंतपणाचं. धोंडू मळा कसतो, मळा त्याचा. दागिने-भांडी रखमेची." कारकुनानं लिहिलं, पंचांनी सह्या केल्या. धोंडू फुरंगटला. "काकू, घर परक्यांना?" "माहेराला आलेली लेक परकी असते का रे?" रखमा म्हणाली, "मावशी, डिंकाचे लाडू मी करीन हो."

पण थांबायचं कशाला? सगुणेला कावेरीनं तेव्हाच ठेवून घेतलं. ती त्याच घरात बाळंत झाली. टाहो ऐकून त्र्यंबक दाराशी आला. "कुणाचं गं?" कावेरी म्हणाली, "आपल्याकडचं."

बायांनो, तुम्हीही असंच करा. हातपाय चालतात तोवर, चारचौघांत बोलून, लिहून ठेवा. आपलं कुणी नाही म्हणू नका, आधी ओसरीकडं बघा. कावेरीचा घोळ जसा जिवतीनं सोडवला, तसा तुमचा आमचा सोडवो. लांबलचक कहाणी एवढ्यात आटोपली, देवीच्या पायी वाहिली, फळाला आली.