नेत्राईच्या थेंबांचा वसा

ऐका नेत्राई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. वेशीशी नेत्राईचं देऊळ होतं. दर नवरात्रात देवीचा मुखवटा नव्यानं रंगे. त्याला डोळे रेखायचा मान भिवरा चितारणीचा. तिनं डोळे रेखल्यावाचून घट बसत नसत.

एके श्रावणात भिवरेचा डावा डोळा लाल झाला. आत ठणका लागला. उजेड सुईसारखा टोचे. चिपडं मात्र नाहीत. सासू म्हणाली, "डोळे आलेत मेलीचे! पोरांपासून लांब बस." मग शेजारीण आली, तिनं मध घातला. मग जाऊ आली, तिनं कांद्याचा रस पिळला. मग लेकुरवाळी नणंद आली, तिनं अंगावरचं दूध घातलं. डोळा अधिकच पेटला. पेटायचाच! डोळा म्हणजे काय कोशिंबिरीचं पातेलं?

मग दारी एक म्हातारी आली. भिवरेची हनुवटी धरून दिव्यापुढं केली. आत निरखून पाहिलं.

"मुली, डोळ्याची बाहुली मागच्या भिंगाला चिकटत चाललीय. सकाळी पाठ आखडते का ग?"

"आखडते, आजी. तुम्हांला कसं कळलं?"

"अंगाचे राखणदार भुलले, की धन्यालाच चोर समजून मारतात. कधी पाठीत, कधी डोळ्यात."

भिवरेच्या अंगावर काटा आला. तिळाएवढी बाहुली, नि तिच्यात सगळ्या देहाची खबर!

म्हातारीनं दोन कुप्या दिल्या. एक बाहुली उघडायची, एक आग निववायची. म्हणाली, "उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"तर ऐक. आग निववायचे थेंब आधी तासातासाला, मग तिन्ही त्रिकाळ, मग एकदा. जिना उतरतात तसं उतरावं. कधी उतरायचं ते मी डोळा पाहून सांगेन. लाली गेली म्हणून थांबू नये. मला विचारल्यावाचून पुन्हा घालू नये."

डोळा निवळला. सासू म्हणाली, "वसा फळला ग! उद्यापन कर." भिवरेलाही ते पटलं. सवाष्णी जेवू घातल्या, कुप्यांना हळदकुंकू वाहिलं नि नदीत सोडल्या.

मग आग दुप्पट आली. आता दोन्ही डोळ्यांत. भिवरेला स्वतःचं बोट दिसेना. आता घट कसे बसणार? कुप्या सोडल्या त्या घाटावर ती चाचपडत गेली. "आजी, उतले, मातले, वसा टाकला!"

पायरीवर म्हातारी बसलेलीच. "मातली नाहीस, घाई केलीस. डोळ्याचं उद्यापन सवाष्णींनी ठरवायचं नसतं, मी ठरवायचं असतं." तिनं पुन्हा कुप्या दिल्या.

या खेपेला सासूनंच थेंब घातले. मग ठणका गेला. मग धुकं गेलं. मग उजवी बाहुली वाटोळी उघडली. डावी मात्र एका कोपऱ्यात धरलेलीच राहिली.

घटाच्या पहाटे भिवरेनं कुंचला उचलला. देवीच्या दोन्ही बाहुल्या वाटोळ्या रेखल्या. आरती झाली, दिवा वर गेला. पाहते तो देवीची डावी बाहुली कोपऱ्यात खेचलेली, थेट भिवरेसारखी!

"अग, चुकलीस की!" सासू ओरडली.

भिवरेनं हात जोडले. "मी नाही, आत्याबाई. माझी खूण तिनं घेतली."

भिवरेनं प्रसादाआधी आपले थेंब घातले. उतरायची पायरी अजून यायची होती.

जशी नेत्राई तिला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. डोळा ठणकला, उजेड टोचला, तर बायांनो, मध शोधू नका, जाणत्याचं दार गाठा. ही साठां थेंबांची कहाणी, पांचां उत्तरीं सुफळ संपूर्ण.