धोंडीचा ताळा

ताळा म्हणजे एका वाटेने काढलेले उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळणे. ताळा जुळला की उत्तर खरे, असे आपण धरून चालतो.

“मग तो माजाच का, म्हाराज?”

ठकूबाई विचारत होती. पटकीच्या साथीत नदीकाठच्या मठाकडे आलेला तिचा मुलगा घरी परतला नव्हता. नरहरिशास्त्र्यापुढे धर्मशाळेची, अन्नछत्राची आणि स्मशानाची अशा तीन वह्या उघड्या होत्या. बाजूला अस्थींचे मडके.

“नाव धोंडी. राहणार घाटमाथा. उजवी नाकपुडी टोचलेली. तिन्ही ठिकाणी हेच. बाई, तो गेला.”

“आधीची समदी गेली, म्हून ह्याचं नाक टोचलं, नाव धोंडी ठिवलं. यमाला वाटावं, धोंडा हाय, कशाला न्यावा...”

तिने मडक्याकडे पाहिले.

“घेतलं, तर वाट बघायची सोडावी लागंल. न्हाई घेतलं, तर लेकरू पान्यावाचून ऱ्हाईल.”

शास्त्री लहानपणापासून काशीत वाढलेला; इकडच्या चालीरीती त्याला परक्या. आपल्या ताळ्याचा त्याला अभिमान होता. तो आत मठाधिपती अच्युतस्वामींकडे गेला.

“महाराज, तिन्ही वह्या एकमुखाने बोलतात. ती बाईच अडून बसली आहे.”

“तिघींना एवढंच ठाऊक असेल, तर एकमत व्हायला काय लागतं?” स्वामी म्हणाले.

ते उठून ओट्यावर आले. मुलांच्या शोधात आलेल्या बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या.

“धोंडीची आई कोण?”

पायऱ्यांवरच्या निम्म्याअधिक जणी एकदम उठल्या.

“घाटमाथ्याची? मुलाचं नाक टोचलेलं?”

एकही खाली बसली नाही.

शास्त्र्याने मडके उचलून बाहेर आणले. ते पाहताच त्या साऱ्या मागे सरल्या. ठकूबाईही त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

“महाराज... मग हा कोणाचा?” शास्त्र्याने स्वामींना विचारले.

कीर्तनकार सांगतात, की प्रत्येकीने चिमूटभर अस्थी पदरात घेतल्या आणि त्यांचा शोक शमला. ते खरे नव्हे. मडक्याला कोणीही शिवले नाही. कोणाचा मुलगाही आला नाही. बायका पुन्हा पायऱ्यांवर बसल्या, वाटेकडे पाहत...

स्वामींनी दोन्ही हात पुढे केले. त्यांच्या उजव्या नाकपुडीवरची बुजलेली खूण शास्त्र्याला कलत्या उन्हात प्रथमच दिसली.

“दे माझ्याकडे. ह्याला पाणी मी देतो. पूर्वाश्रमी मीही धोंडीच.”