शेवटची पणती

जो बुद्धीला धावायला पाय देतो आणि धावून दमल्यावर आपल्या चरणी बसवूनही घेतो, त्या मंगलमूर्ती गजाननाला प्रथम वंदन. आता कथा ऐकावी.

एकदा एका नदीकाठच्या मठात भामा नावाची एक शिष्या राहत असे. वय कोवळे, बुद्धी मात्र विलक्षण. श्लोक एकदा कानावर पडला की तिला मुखोद्गत होई. कोडे घालणाऱ्याचे वाक्य संपण्यापूर्वीच तिचे उत्तर तयार असे. पण तिच्या हातून एकही काम तडीस जात नसे. तुळशीला पाणी नेणारा पाट तिने अर्धा खणला होता. उरलेला तिच्या डोक्यातच वाहत राहिला. वीणेच्या दोन तारा जुळवल्या आणि बाकीच्या कशा जुळतील हे उमगताच वीणा खाली ठेवली. पाय स्थिर नाहीत, बोटे स्थिर नाहीत. मन तर पुढच्या गावाला पोहोचलेले.

तिचे वडील व्यापारी होते. त्यांनी मठातल्या वृद्ध बुवांना बजावून ठेवले होते, "त्रिपुरी पौर्णिमेला येईन. एक काम पुरे केलेलं दाखवा. नाहीतर पोर घरी नेतो." मठ सोडून जाणे भामाला मुळीच नको होते. म्हणून तिने स्वतःहून देवळापुढच्या अंगणात पणत्यांचे दीपकमळ मांडायचे काम मागून घेतले. चंद्र कळसाला टेकला की देवाची पालखी पायऱ्या उतरून त्या कमळाच्या मध्यभागी यायची आणि तिथे आरती व्हायची, असा तिथला परिपाठ होता.

पौर्णिमेच्या दिवशी ऊन उतरू लागताच भामा कामाला लागली. आठ पाकळ्यांचे अख्खे कमळ तिला डोळ्यांपुढे लखलखीत दिसत होते. बुवांनी विचारले, "भामे, क्षणभर बसतेस का?"

"कशाला बुवा? मला दिसतंय सगळं."

पणती मांडायची, तेल घालायचे, लगेच लावायची. असे करत ती बाहेरच्या पाकळ्यांकडून आत सरकत गेली. सोबतच्या मुलांनी मदत देऊ केली, तर म्हणाली, "तुम्हाला समजावण्यात वेळ जाईल."

सूर्य मावळला तेव्हा ती मध्यभागी पोहोचली होती. मान वर केली, तर बाहेरच्या पणत्या तेल संपून एकेक विझत होत्या. त्यांच्याकडे धावावे, तर पाऊल ठेवायला जागा नाही. परकराच्या घेराने दोन पणत्या कलंडल्या, तेल फरशीवर पसरले. पालखीलाही वाट उरली नव्हती.

"कमळात भुंगा अडकला," कोणी तरी म्हणाले आणि सगळे अंगण हसले.

वडील देवळाच्या पायरीशी उभे होते. दारात गाडी जुंपलेली. ते म्हणाले, "पाहिलंत ना बुवा? घागर मोठी दिली देवानं, पण बुडाला भोक. भरावं तेवढं गळतं."

बुवांनी तांब्यात झेंडूचे फूल बुडवले आणि जळत्या पणत्या एकेक करून शांत करायला आरंभ केला. सणाच्या दिवशी, देवाच्या दारात! अंगणातले हसू जागीच थिजले. पणत्या बाजूला सारून वाट करत बुवा मध्यभागी आले आणि भामाजवळ मांडी घालून बसले.

"शेवटची पणती कुठली?"

"म्हणजे?"

"सगळ्यांत शेवटी कुठली लागेल?"

"बुवा, चंद्र वर येतोय."

"येऊ दे. त्याला त्याची वाट ठाऊक आहे."

भामाने डोळे मिटले. बोटे परकराची किनार चुरगाळत होती. कमळ पुन्हा दिसले, पूर्ण आणि सुंदर; पण त्यातली शेवटची ज्योत काही केल्या सापडेना. तेव्हा ती प्रथमच शेवटाकडून मागे येऊ लागली. पालखी मध्यभागी उभी आहे. त्याआधी ती वाटेवर आहे. त्याआधी पायरीवर. म्हणजे वाट मोकळी हवी. म्हणजे मध्यापासून बाहेर मांडायला हवे. म्हणजे तेल सर्वांत शेवटी. आणि सगळ्या पाकळ्या एकदम उजळायच्या, तर दोन हात पुरणार नाहीत.

तिने डोळे उघडले. "बुवा, मला माणसं लागतील."

मग ती मुलांकडे वळली. "मघाशी मी... एकेक पाकळी घ्याल का?"

"भुंग्याला सोडवायला नको का," एक जण म्हणाला, आणि सगळे उठले.

मध्यापासून बाहेर पणत्या मांडून शेवटी तेल घातले, तोवर चंद्र कळसाला टेकला. शंख वाजला. आठही पाकळ्या एका श्वासात उजळल्या आणि मधल्या मोकळ्या वाटेने पालखी पुढे गेली. एकच पणती उरली होती, पायरीशी. भामा पेटती काकडवात घेऊन वडिलांपुढे आली.

"आबा, शेवटची ही. तुम्ही उभे आहात तिथलीच. तुम्ही लावा."

त्यांनी वाकून पणती लावली. उठताना हळूच विचारले, "बुवा, लागलेले दिवे का मालवलेत?"

बुवा म्हणाले, "आपण पायऱ्या चढतो, तेव्हा कुठे कळस दिसतो. हिला कळस आधी दिसतो, म्हणून पायऱ्या आहेत हेच तिच्या ध्यानी येत नाही. आजवर आपण हिचं उत्तर ऐकून माना डोलावल्या. वाट कुणी विचारली नाही. आणि जळत्या दिव्यांत उभं राहून वाट सुचत नाही, शेठजी. त्यासाठी घटकाभर अंधार लागतो."

वडील दाराशी जाऊन गाडीवानाला म्हणाले, "बैल सोड."

आपल्या घरी असे चपळ बुद्धीचे लेकरू असेल, तर त्याला उत्तराआधी शेवटची पणती विचारावी. श्रोतेहो, तुमच्या प्रत्येक घराचा दिवा तेवता राहो, लेकरांच्या बुद्धीला विवेकाची वाट लाभो आणि हाती घेतलेले प्रत्येक काम ईश्वरचरणी पूर्णत्वाला जावो.